आमच्या दोन शिक्षकांना वर्गात राहू द्या

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी व मा. शिक्षणाधिकारी (प्राथमिक),
राज्यातल्या सर्व 34 जिल्हा परिषदा

विषय: शैक्षणिक वर्ष 2026-27 चे प्राधान्यक्रम

सप्रेम नमस्कार.

शाळा सुरू व्हायच्या तोंडावर आपल्याकडून एक परिपत्रक निघतं. पहिल्या दिवशी मुलांचं गुलाबपुष्प देऊन स्वागत करावं, प्रभातफेरी काढावी, पुस्तकं वाटावीत, जेवणात गोड पदार्थ द्यावा आणि या सगळ्याचे फोटो दिलेल्या लिंकवर टाकावेत. त्याच्या मागोमाग वर्षाचे प्राधान्यक्रम येतात. निपुण महाराष्ट्र, डिजिटल वर्ग, सुंदर शाळा, परसबाग, वृक्षलागवड, इको क्लब, आनंददायी शनिवार, वाचन उपक्रम, माता पालक गट. यातली एकही गोष्ट वाईट नाही. पण हातात पैसे कमी असले की आधी तेल आणायचं की आधी वही, हे घरात ठरवावं लागतं. आपल्या यादीत ते ठरवलेलं दिसत नाही.

मी बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या एका वस्तीवरच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीची अध्यक्ष आहे. शाळा पहिली ते चौथी, द्विशिक्षकी. मी शिलाईकाम करते, माझी धाकटी तिसरीत आहे. तालुक्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की पत्राला उत्तर येण्याऐवजी शाळेला तपासणी येते, असा आमच्या भागातला अनुभव आहे. आणि पत्र एका जिल्ह्याला न लिहिता सगळ्या 34 जिल्हा परिषदांना का, त्याचं कारण पुढं येईल.

यंदाचं वर्ष दरवर्षीसारखं नाही. केंद्रानं जुलै 2021 मध्ये निपुण भारत अभियान सुरू केलं, तेव्हा मुदत घातली होती ती 2026-27 ची. तिसरी पूर्ण करणाऱ्या प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं, साधी गणितं करता यावीत. म्हणजे मुदतीचं वर्ष हेच. मुलांना कितपत वाचता येतं हे घरोघर जाऊन तपासणाऱ्या 'असर'च्या 2024 च्या पाहणीत देशभरातल्या सरकारी शाळांमधली तिसरीची 23.4 टक्के मुलं दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकली. 2022 मध्ये हाच आकडा 16.3 होता. सुधारणा झाली हे खरं, पण शंभरातली पंचाहत्तरहून जास्त लेकरं अजून बाहेरच आहेत. एका वर्षात ती आत आणायची असतील तर काय लागेल? माझं उत्तर एकच आहे आणि ते फुकट आहे: आमचे दोन शिक्षक शाळेच्या वेळात वर्गात असू द्या. बाकी जे काही यादीत घालायचं ते याला धक्का लागणार नसेल तरच घाला.

थोडा हिशोब मांडते. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान 200 दिवस आणि 800 तास शिकवणं सांगितलं आहे. साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, हेही त्याच अनुसूचीत. आमच्याकडं चार वर्ग. एका वेळी एक माणूस एका वर्गाशी बोलतो असं धरलं तर, सगळं सुरळीत चाललं तरी, एका वर्गाच्या वाट्याला शिक्षकाचे 400 तास येतात. प्रशिक्षणात सांगतात की बहुवर्ग अध्यापनात दोन वर्ग एकत्र घेता येतात. आमचे सर आणि मॅडम ते करतातही. गाणी, गोष्टी, परिसराच्या गप्पा एकत्र होतात. पण ज्याला जोडाक्षर अडतंय त्याच्या शेजारी बसून ते अक्षर फोडून दाखवणं एकत्र होत नाही. ज्या दिवशी दोघांपैकी एक बाहेर असतो त्या दिवशी चारही वर्ग एकाकडं. वर्षभर असंच चाललं तर 400 चे 200 होतात. आपल्या कुठल्याही अहवालात ही घट दिसत नाही. कारण हजेरीपटावर मुलं हजर असतात आणि कामावर गेलेला शिक्षकही हजरच असतो, 'कर्तव्यावर'.

हे कर्तव्य कसलं असतं, ते एकदा जवळून बघा. मुख्याध्यापकांच्या फोनवरच्या ग्रुपला सकाळची प्रार्थना संपायच्या आत संदेश पडतो. 'अति तात्काळ. सोबतच्या लिंकमध्ये शाळेतील शौचालयांची माहिती आज दुपारी 3 पर्यंत भरावी. माहिती निरंक असल्यास निरंक कळवावे.' आमच्या शाळेतली शौचालयं मागल्या महिन्यात होती तेवढीच आहेत. यू-डायसमध्ये, म्हणजे शाळांच्या माहितीच्या सरकारी संगणकीय नोंदीत, ती लिहिलेली आहेत, दाराला कडी आहे की नाही इथपर्यंत. तरी भरायची. वर्गात रेंज येत नाही. मग सर पाण्याच्या टाकीच्या ओट्यावर जाऊन उभे राहतात, फोन वर धरून. लिंक उघडते, अर्ध्यात बंद पडते, पुन्हा उघडते. तेवढ्या वेळात पहिलीची पोरं पाटीवर तेच अक्षर गिरवत बसतात, पाटी भरली की पुसतात आणि परत तेच. दुसरीतली दोघं तिसरीच्या बाकांखाली पोहोचलेली असतात. सर परत येतात तो खिचडीची वेळ झालेली. मग किती मुलं जेवली ती नोंद, ती पुन्हा दुसऱ्या ॲपवर.

निरंक अहवाल हा प्रकार मला आजवर कळलेला नाही. ज्या गोष्टी घडल्या नाहीत त्या घडल्या नाहीत असं कळवायला माणूस वर्गाबाहेर का यावा लागतो?

शिक्षण हक्क कायद्याचं कलम 27 सांगतं की दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांखेरीज शिक्षकांना बिगरशैक्षणिक कामाला लावू नये. तरी जानेवारी 2024 मध्ये मागासवर्ग आयोगाच्या घरोघरच्या सर्वेक्षणाला शिक्षकच फिरले. मग ऑगस्ट 2024 मध्ये शासनानं शिक्षकांच्या कामांची शैक्षणिक आणि अशैक्षणिक अशी वर्गवारी करणारा निर्णय काढला. चांगलं केलं. पण वर्गवारी केल्यानं काम कमी होत नाही, त्याचा फक्त रकाना बदलतो. माहिती भरणं 'शैक्षणिक' म्हटलं तरी भरणारा माणूस त्या वेळी शिकवत नसतोच.

आणि यंदा तर जनगणनाच आहे. घरयादीच्या कामासाठी एप्रिल ते सप्टेंबर 2026 हा काळ ठेवलेला आहे, प्रत्यक्ष लोकांची मोजणी फेब्रुवारी 2027 मध्ये. जनगणनेला कुणाची हरकत असायचं कारण नाही. ती दहा वर्षांनी व्हायची ती सोळा वर्षांनी होते आहे आणि आमच्या वस्तीची खरी संख्या एकदाची कागदावर यावी असं आम्हालाही वाटतं. पण फेब्रुवारीत कोणती शाळा, कोणता शिक्षक, किती दिवस, हे आपल्याला आजच ठरवता येईल. द्विशिक्षकी शाळेतल्या दोघांनाही एकाच टप्प्यात प्रगणक नेमू नका, एवढी साधी अट तहसील कार्यालयाला आपल्या सहीनं आत्ता गेली तरी पुष्कळ. जानेवारीच्या शेवटी गेली तर नेमणुकीच्या याद्या लागलेल्या असतील आणि मग 'आता काही करता येत नाही' हे उत्तर आम्हाला पाठ आहे.

शिक्षकांच्या डोक्यावर यंदा आणखी एक ओझं आहे, त्यांची बाजूही घ्यायला हवी. 1 सप्टेंबर 2025 ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. ज्यांची टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, झालेली नाही आणि निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ आहे त्यांनी दोन वर्षांत ती पास व्हायचं, नाहीतर नोकरी जायची. मुदत पुढच्या वर्षी संपते. वीस वर्षं शिकवलेली माणसं मधल्या सुट्टीत मार्गदर्शक पुस्तकं काढून बसलीत. शिक्षक पात्र असावा यावर मी वाद घालणार नाही, आई म्हणून तर नाहीच. पण ज्या माणसाला आपण दिवसा लिंका, संध्याकाळी टीईटी आणि रविवारी मतदार यादी देतो, त्याच्याकडून तिसरीच्या मुलाला वाचायला शिकवण्याची उमेद मागायची तर त्याच्या अंगावरचं काहीतरी आधी उतरवायला हवं. आपल्या हातात लिंका आहेत. त्या उतरवा.

आता 34 जिल्ह्यांना का लिहिलं ते सांगते.

आमच्याकडं दसरा झाला की वस्ती रिकामी व्हायला लागते. ऊसतोडीसाठी मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, एका जोडप्याचा एक कोयता. ट्रक येतो, त्यावर भांडी, बाजरीचं पोतं, शेळी आणि लेकरं चढतात. कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, सोलापूर, काही जण थेट बेळगावकडं. परततात ते मार्च-एप्रिलमध्ये, गाळप संपल्यावर. तोवर शाळेच्या वर्षाचे चार आठवडे उरलेले असतात, कधी तेवढेही नाहीत. मोठ्या मुलीचं सगळ्यात वाईट होतं. आईबाप पहाटे फडात जातात तेव्हा कोपीपुढं, म्हणजे तिथल्या झोपडीपुढं, धाकट्याला सांभाळायला तीच असते. तिसरीतली मुलगी, कडेवर वर्षाचं मूल.

शाळेला किती शिक्षक मिळणार हे ज्यात ठरतं त्या संच मान्यतेसाठी पट धरतात तो 30 सप्टेंबरचा. आमची पोरं त्या दिवशी वर्गात असतात, म्हणून ती कागदावर दिसतात. डिसेंबरात ती कुठं आहेत हे विचारणारा रकाना नाही. ज्या मुलाचा निम्मा शिक्षणकाळ उसाच्या फडात गेला ते आपल्या नोंदीत वर्षभर आमच्याच शाळेत शिकत असतं, आणि एप्रिलच्या चाचणीत त्याला वाचता आलं नाही की दोष त्याच्या शिक्षकावर येतो. म्हणून पहिली मागणी अशी की 15 जानेवारीला एकदा पुन्हा पट मोजा. पण त्या मोजणीवरून एकही पद कापणार नाही हे आधी लेखी द्या. नाहीतर कुणीही खरं सांगणार नाही आणि सांगू नये.

यावर उपाय शासनाकडं आधीपासून आहे, नवा शोधायचा नाही. हंगामी वसतिगृह. मूल गावातच आजीकडं राहतं, सकाळ-संध्याकाळचं जेवण शाळा व्यवस्थापन समितीमार्फत मिळतं, शाळा सुटत नाही. कागदावर सुंदर योजना. अडतं कुठं? सर्वेक्षण ऑक्टोबरात, प्रस्ताव त्यानंतर, मंजुरी कधी नोव्हेंबरात तर कधी त्याहून पुढं. मुकादमाचा ट्रक मंजुरीची वाट बघत नाही. मंजुरी नक्की नसताना आई पोराला मागं ठेवून जात नाही, आणि मी तिच्या जागी असते तर मीही ठेवलं नसतं. म्हातारीला दोन वेळचं स्वतःचं जमत नाही तिथं तीन नातवंडं कुणाच्या भरवशावर सोडायची? सर्वेक्षण ऑगस्टमध्ये करा. कोण जाणार आहे हे गावाला पोळ्यापर्यंत माहीत असतं, उचल तोवर घेऊन झालेली असते. सप्टेंबरअखेर मंजुरीचं पत्र समितीच्या हातात आलं तर मी स्वतः घरोघर जाऊन ते दाखवीन. या वसतिगृहांमध्ये खोटी नावं घातल्याच्या तक्रारीही झाल्या आहेत, मला माहीत आहे. खोटी नावं घालणाऱ्याला शोधा, शिक्षा करा. मंजुरी उशिरा देऊन ती शिक्षा होत नाही, ती खऱ्या पोरांनाच होते.

तरी काही मुलं जातीलच. त्यांच्यासाठी शिक्षण हमी कार्ड आहे. ते दाखवलं की जिथं जाईल तिथल्या शाळेनं मुलाला बसवून घ्यायचं. इथं ऊस पिकवणाऱ्या जिल्ह्यांच्या अधिकाऱ्यांना माझं विशेष सांगणं आहे. कार्ड आमच्याकडून निघतं, पण कारखान्याच्या परिसरातल्या शाळेतून कोपीपर्यंत कुणी आलं नाही तर ते पत्र्याच्या पेटीतच राहतं. साखर कारखान्यांना कोणत्या गावाची टोळी कधी आली हे माहीत असतं, त्यांच्याकडं मजुरांच्या नोंदी असतात. तालुक्याच्या शिक्षण विभागानं गाळप सुरू झाल्यावर दर पंधरवड्याला ती यादी मागून घ्यावी. आमच्याकडच्या केंद्रप्रमुखाचा, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्याचा, आणि तिकडच्या केंद्रप्रमुखाचा एक फोन झाला तरी मुलाचं नाव, इयत्ता, त्याला कुठपर्यंत वाचता येतं एवढं पोहोचेल. हे काम एका जिल्हा परिषदेला एकटीनं जमणारं नाही, म्हणून पत्र सगळ्यांना.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात, कारण त्या आपल्याला माहीत आहेत.

खोल्या. 28 ऑगस्ट 2017 ला नगर जिल्ह्यातल्या निंबोडीत जिल्हा परिषद शाळेची इमारत कोसळली आणि तीन मुलं गेली. गेल्या वर्षी 25 जुलैला राजस्थानातल्या पिपलोदीत छत पडून सात गेली. दोन्ही पावसाळ्यातल्या घटना, दोन्ही शाळेच्या वेळेतल्या. आपल्याकडं धोकादायक खोली पाडायची तर निर्लेखनाचा, म्हणजे ती नोंदीतून काढून टाकण्याचा, प्रस्ताव लागतो. तो शाळेतून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडं, तिथून बांधकाम विभागाच्या उपअभियंत्याकडं, तिथून जिल्ह्याला. तोवर खोलीला कुलूप आणि दोन खोल्यांचे वर्ग एकीत. एकीकडं पाढे, दुसरीकडं कविता, आणि पत्र्यावर पाऊस. निर्लेखनाचे प्रस्ताव दरवर्षी मार्चमध्ये मागवून मेअखेर निकाली काढायचा नियम करा. यंदाचा मे गेला. निदान ज्या खोल्यांना कुलूप आहे त्यांच्या बदल्यात तात्पुरती जागा भाड्यानं घ्यायची मुभा समितीला द्या.

पैसे. तीस मुलांपर्यंतच्या शाळेला संयुक्त शाळा अनुदान वर्षाला 10,000 रुपये, 31 ते 100 पर्यंत 25,000. यातून खडू, स्वच्छता, दुरुस्ती आणि विजेचं बिल. बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्यावर ऑगस्ट 2024 मध्ये सीसीटीव्ही बसवण्याचे आदेश निघाले. मुलींची आई म्हणून मला कॅमेरा हवाच आहे. पण ज्या शाळेचं मीटर थकबाकीत काढून नेलंय तिथं कॅमेरा कशावर चालणार, हे त्या आदेशात नव्हतं. अनुदान आर्थिक वर्षाच्या शेवटी येतं आणि 31 मार्चच्या आत खर्च करा असं सांगितलं जातं; त्याऐवजी निम्मं जूनमध्ये द्या. रक्कम वाढवा असं या पत्रात मी म्हणत नाही, वेळेवर द्या एवढंच म्हणते.

खिचडीबद्दल एक गोष्ट मात्र बोलायची आहे. मे 2025 पासून पहिली ते पाचवीच्या मुलामागं दिवसाला 6 रुपये 78 पैसे धरलेले आहेत, तांदूळ 100 ग्रॅम वेगळा. जून 2024 मध्ये पंधरा पाककृतींची यादी आली. मटार पुलाव, सोयाबीन पुलाव, शेवग्याचं वरण, नाचणीचं सत्त्व, तांदळाची खीर. ज्यानं यादी केली त्याचा हेतू चांगला असणार. पण उन्हाळ्यात मटार काय भावानं मिळतो हे त्यानं आमच्या आठवडी बाजारात येऊन बघावं. आणि ही सगळी पाकक्रिया करणाऱ्या बाईला महिन्याला 2,500 रुपये मानधन. ती पाटा धुऊन, चूल पेटवून, भांडी घासून दुपारी घरी जाते, आणि ज्या दिवशी एक शिक्षक बाहेर असतो त्या दिवशी पहिलीच्या पोरांकडं लक्षही तीच ठेवते. तिचं मानधन तीन-तीन महिने थकवू नका.

गणवेशाचा विषय आता मिटला आहे, तरी काढते, कारण तो माझ्या धंद्यातला आहे आणि त्यातून आपल्याला काही घेता येईल. 2024-25 मध्ये राज्यभर एकच गणवेश ठरला. कापड वरून कापून आलं, शिलाई बचत गटांनी करायची, शिलाई आणि वरखर्च मिळून एका गणवेशाला 110 रुपये. ठरावीक मापांचे गठ्ठे होते. शिवणाऱ्या कुठल्याही बाईनं पहिल्याच गठ्ठ्याला सांगितलं असतं की चौथीतली सगळी मुलं एका कमरेची नसतात. आमच्याकडं तर एकाच वर्गात सडपातळ आणि आडवा असे दोघं सख्खे चुलतभाऊ आहेत. स्वातंत्र्यदिनाला बऱ्याच गावांत मुलं जुन्या कपड्यांत झेंड्याला उभी राहिली. डिसेंबर 2024 मध्ये शासनानं निर्णय फिरवला आणि गणवेशाचा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांना दिला. चूक लक्षात आल्यावर निर्णय मागं घेतला, हे मला मोठेपणाचं वाटतं. तोच मोठेपणा माहितीच्या लिंकांबाबत दाखवायला काय हरकत आहे?

शिष्यवृत्तीची परीक्षा आता पुन्हा चौथी आणि सातवीकडं आली आहे. चौथीपर्यंतच्या शाळांना त्यामुळं हुरूप येईल आणि त्यात एक धोकाही आहे. आपल्याकडून 'गुणवत्ता यादीत किती' ही विचारणा सुरू झाली की शिक्षक दोन-तीन चलाख मुलं घेऊन बसणार. ज्याला अजून जोडाक्षर येत नाही तो परत पाटी पुसत बसणार. या मुदतीच्या वर्षात शाळेची किंमत यादीत आलेल्या मुलावरून न ठरवता वर्गातल्या सगळ्यात मागं राहिलेल्या मुलावरून ठरवा, असं मी केंद्रप्रमुखांना दोनदा बोलून दाखवलं आहे. ते हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले.

आपल्या बैठकांमध्ये नावाजलेल्या शाळांचे व्हिडिओ दाखवतात. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शिक्षकाला 2020 मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, पुणे जिल्ह्यातल्या जालिंदरनगरच्या शाळेला 2025 मध्ये जगातल्या सर्वोत्तम शाळांच्या पुरस्कारांत लोकपसंतीचा मान मिळाला. जिल्हा परिषदेच्याच शाळा, आमच्यासारख्याच. अभिमान वाटतो. पण व्हिडिओ बघून आलेल्या आमच्या सरांना 'तुम्हीही असं करा' म्हणताना त्यांच्या हातातला फोन आपण काढून घेत नाही. भिंती रंगवायला गाव वर्गणी देईल. गावाला शिक्षकाचा वेळ देता येत नाही, तो आपल्याच ताब्यात आहे.

तर यंदाच्या प्राधान्यक्रमात काय घालावं? माहिती मागण्यासाठी महिन्यातला एकच दिवस ठेवा, आणि यू-डायसमध्ये जे आहे ते पुन्हा मागू नका. शाळेच्या वेळेत 'आज दुपारपर्यंत' असा संदेश टाकण्याआधी शिक्षणाधिकाऱ्यांची लेखी परवानगी लागेल असं करा. बघा, निम्मे संदेश आपोआप थांबतील. द्विशिक्षकी शाळेतल्या दोघांनाही एकाच दिवशी प्रशिक्षणाला बोलवू नका. नवा अभ्यासक्रम पहिलीला 2025-26 मध्ये आला, पुढच्या इयत्तांची रांग लागली आहे, त्यामुळं प्रशिक्षणं वाढणार हे दिसतंच आहे. ती सुट्टीत घ्या म्हटलं तर शिक्षक संघटना माझ्यावर रागावतील आणि त्यांचंही चूक नाही. मग निदान केंद्रामागं एक फिरता शिक्षक द्या, जो गेलेल्याच्या जागी त्या दिवशी येऊन उभा राहील. डीएड झालेली पोरं गावागावांत बसून आहेत, कायमची भरती होईपर्यंत त्यांना रोजावर तरी बोलवा.

आणि एक आकडा दर महिन्याला जाहीर करा. कुठल्या शाळेत किती दिवस सगळे शिक्षक पूर्ण वेळ वर्गात होते. एवढी एक माहिती भरायला आमच्या समितीची कुणाचीही हरकत नाही, हवं तर आम्हीच भरतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 22 प्रमाणं शाळा विकास आराखडा समितीनं करायचा असतो आणि त्यावरून अनुदानाचं नियोजन व्हायचं असतं. आजवर तो आराखडा छापील नमुन्यात वरून आला आणि आम्ही सह्या केल्या. मार्च 2022 नंतर बहुतेक जिल्हा परिषदांवर वर्षानुवर्षं प्रशासक होते, विचारायला सदस्यही नव्हते. यंदा आराखड्याच्या पहिल्या पानावर आमची समिती हाच आकडा लिहिणार आहे, जून ते नोव्हेंबरचा.

समितीची पुढची सभा ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी आहे. हे पत्र त्या सभेपुढं ठेवते आहे. आपलं उत्तर तोवर आलं तर तेही वाचून दाखवू. कृपया ते कागदावर पाठवावं, ग्रुपवर नको; सरांना टाकीवर चढावं लागतं.

कळावे, लोभ असावा.

आपली,
अध्यक्ष, शाळा व्यवस्थापन समिती
एक जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, बालाघाट डोंगरपट्टा